आठ वर्षं न थांबलेला सर्व्हर

३ तारीख, सोमवार. सकाळी.
डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. लॅब त्यांची, सर्व्हर माझा. म्हणजे तोही त्यांचाच, पण त्याची भाषा मला कळते. त्यांनी कुठेतरी वाचलंय, की कॉम्प्युटरमधली जी लॉगिन सेवा पासवर्ड तपासून माणसाला आत सोडते, तिच्यात मोठी खोट सापडलीय. पासवर्ड न देता कोणीही आत शिरू शकतं. पेशंटांचे रिपोर्ट असेच उघड्यावर पडणार का, असं विचारलं. मी म्हणालो, सूचना माझ्याकडे केव्हाच आली आहे, काम चालू आहे.
खाली येऊन सूचना शोधली. सापडली. लांबलचक आहे. उद्या ताज्या डोक्याने वाचणार.

४, मंगळवार.
डोकं ताजं नव्हतं.

५, बुधवार.
सूचना शेवटून वाचली. अनुभवी माणूस शेवटूनच वाचतो. 'अपडेट टाका, रीस्टार्ट करा.' पहिलं मान्य. दुसरं अशक्य.
कारण असं, की येत्या वीस तारखेला आपला सर्व्हर सलग चालू असल्याला आठ वर्षं पूर्ण होतात. एकदाही बंद नाही. आमच्या घरात इतकं सलग काहीही चाललेलं नाही. काउंटरवरच्या बाई त्याला 'आजोबा' म्हणतात. रिपोर्ट उघडायला वेळ लागला की पेशंटला सांगतात, थांबा हं, आजोबा चष्मा शोधतायत. अज्ञान. आठ वर्षांच्या विक्रमावर मी छोटं भाषणही तयार करतोय.

६, गुरुवार. दुपारी.
अपडेट टाकलं. रीस्टार्ट केलं नाही. सर्व्हर चालू, विक्रम शाबूत. याला म्हणतात कौशल्य.
डॉक्टरबाईंना सांगितलं, भोक बुजवलं. त्या शाबास म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, की तरीही अठरा तारखेला बाहेरची कंपनी येऊन तपासेल. नापास झालो तर सर्व्हर चोवीस तारखेपासून त्या कंपनीच्या ताब्यात. मी म्हणालो, खुशाल. कर नाही त्याला डर कशाला.
खाली येताना एक पायरी चुकली.

८, शनिवार.
कंपनी माझ्या साडूंची निघाली. लॅबला आडनावावरून कळायचं कारण नाही आणि मी सांगणार नाही. ही मात्र खूश. म्हणाली, बरं झालं, भाऊजी घरचेच आहेत, सांभाळून घेतील. मी म्हणालो, मला कोणी सांभाळून घ्यायची गरज नाही. ती म्हणाली, हे वाक्य मी गाडी शिकतानाही बोललो होतो.

९, रविवार.
साडूंकडे जेवण. न विचारता त्यांनी खोट समजावून सांगितली. लॉगिन सेवा दारात आलेल्या प्रत्येकाला मेमरीतला एक तुकडा देते, हॉटेलात टेबल द्यावं तसा. गिऱ्हाईक वेळेत बोललं नाही की टेबल काढून घेते. पण गडबडीत, टेबल काढून घेतलंय हेच विसरते आणि त्याच टेबलावर पुन्हा ताट वाढते. तोवर तिथे भलताच कोणी येऊन बसला असेल, तर ताट त्याचं. आणि इथे ताट म्हणजे अख्खं स्वयंपाकघर.
मी म्हणालो, हे मला माहीत होतं. मेव्हणीने विचारलं, मग मघाशी मान का डोलावत होतात. माहीत असलेल्या गोष्टीला मान डोलावू नये असा नियम आहे काय?
चपात्या मात्र चांगल्या होत्या. दोन कमी खाल्ल्या.

११, मंगळवार.
एका जागी बसवत नाही. दर थोड्या वेळाने सर्व्हरच्या खोलीत जाऊन हिरवा दिवा बघून येतो. आहे. परत येऊन बसतो. परत जातो. काउंटरच्या बाई म्हणाल्या, की आजोबांची तब्येत बरी नाही का, मी आयसीयूबाहेरच्या नातेवाइकासारखा फेऱ्या मारतोय.
संध्याकाळी केस कापायला गेलो. अर्धे झाल्यावर वाटलं, दिवा विझला असेल. तसाच उठून आलो. विझला नव्हता. दुकान मात्र बंद झालं होतं.

१३, गुरुवार.
उरलेले केस कापले.
साडूंचा फोन. रीस्टार्ट केलंत ना, असं विचारत होते. म्हणाले, नवा पहारेकरी नेमलात, पण जुन्याला घरी पाठवलं नाहीत तर दारात तोच उभा राहणार. मेमरीत अजून जुनीच सेवा चालू आहे. मी म्हणालो, वीस तारखेनंतर बघू. ते म्हणाले, तपासणी अठराला आहे. मग दोन सेकंदांचं काम आहे वगैरे काहीतरी सांगायला लागले. मी फोन ठेवला. दोन सेकंदांत काय होतं ते मला शिकवू नये.

१७, सोमवार.
दिवसभर विचार. आठ वर्षं चाललेलं यंत्र बंद केलं तर सुरू होईल का? कसं सुरू होतं ते आधीच्या माणसाला माहीत होतं. मलाही माहीत आहे. तत्त्वतः.
निर्णय झाला. उद्या तपासणीआधी, सगळ्यांसमोर, मी स्वतःच्या हाताने विक्रम मोडणार. पेशंटांसाठी. भाषणात थोडे बदल केले.

१८, मंगळवार. सकाळी ८.
भाषण झालं. डॉक्टरबाई दोनदा घड्याळाकडे बघत होत्या, बहुधा गहिवर लपवायला. सर्व्हर बंद केला. पुन्हा चालू केला. पाच मिनिटांत येईल.

८.२०
आला नाही. पडद्यावर डिस्क तपासत असल्याचं काहीतरी येतंय. आकडा मुंगीच्या पावलाने सरकतोय. अडकला असणार. बटण दाबून पुन्हा सुरू केला.

८.४५
परत तेच. परत दाबलं.

९.३०
परत. बाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक. एक काका विचारतायत, आता तरी चहा पिऊ का. काउंटरच्या बाई हाताने नावं लिहून घेतायत आणि प्रत्येकाला सांगतायत, आजोबा गेले. त्यावर एका आजींनी डॉक्टरबाईंचं सांत्वन केलं.

१०.१५
परत दाबलं. सातव्यांदा असेल.

दुपारी.
साडू आले. मला म्हणाले, हात खिशात घाला. घातले. ते खुर्ची ओढून बसले आणि पेपर वाचू लागले. आकडा सरकत शंभरावर गेला आणि सर्व्हर सुरू झाला. इतक्या वर्षांनी उठल्यावर डिस्क तपासायला त्याला तेवढा वेळ हवाच होता. मी दर वेळी अर्ध्यावर थांबवून पहिल्यापासून सुरू करायला लावत होतो, असं त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं. माझ्यासमोर.
मग त्या म्हणाल्या, पण बंद करायलाच हवा होता ना? साडूंनी पेपरचं पान उलटलं. डॉक्टरबाईंनी परत विचारलं. तेव्हा म्हणाले, नाही, फक्त लॉगिन सेवा रीस्टार्ट करायची होती. दोन सेकंद. सर्व्हर चालूच राहिला असता. सूचनेत शेवटच्या ओळीच्या वरच लिहिलंय.
तपासणीत लॉगिन सेवा पास झाली. हे कोणी लक्षातच घेत नाही.
घरी हिने न विचारता दोनदा वाढलं. हे जास्त वाईट.

२४, सोमवार.
नवं पद: समन्वय अधिकारी. खुर्ची तीच. एका अर्थी बढतीच, कारण आता रोजच्या कटकटी साडूंच्या कंपनीकडे आणि धोरण माझ्याकडे. धोरण ठरवायला म्हणून लॉगिन करायला गेलो. झालं नाही. कंपनीच्या मदतकक्षाला फोन केला. पलीकडच्या बाई फार नम्र. माझ्या नावाचं खातं यादीत नाही म्हणाल्या. मी सांगितलं, यादी मीच बनवली होती. त्या म्हणाल्या, असेल, पण आत घेण्याआधी लॅबमधल्या कोणीतरी मला ओळखतो असं सांगावं लागेल.
काउंटरच्या बाईंना फोन दिला. त्यांनी सांगितलं, हो, ओळखते, बटणवाले.