बेडकाची प्रजाती बदलली, बाबा!

प्रिय बाबा,

जयभीम.

तुम्हाला पत्र! हसाल तुम्ही. पण आज दुपारी आमचे प्राणिशास्त्राचे सर घरी आले, हातात कलकत्त्याच्या संग्रहालयाचा लिफाफा, आणि दारातूनच ओरडले, "मंदा, तुझे बाबा जिंकले!" तुम्हाला जाऊन वर्ष झालं. तरी ही बातमी सर्वांत आधी तुम्हालाच सांगावी वाटली, म्हणून लिहून राहिली.

तुमचा बेडूक 'राना' नाही, बाबा!

आठवते न तो दिवस? पांढुर्ण्याच्या कॉलेजात तुम्ही प्रयोगशाळेचे अटेंडंट, आणि मी तिथेच बी.एस्सी.ला. सौसरच्या पुढच्या डोंगरात सहल गेली, तेव्हा तो अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक तुम्हीच धरला. परत आल्यावर प्रयोगशाळेत सरांनी बरणीवर चिठ्ठी लावली, प्रजाती: राना, म्हणजे नेहमीचाच बेडूक. तुम्ही हळूच म्हणाले, "सर, हा राना नाही जी. याचे पिल्लं पाण्यात नाही राहत. ओल्या दगडाले चिपकून राहतेत, अन् हात लावला का उड्या मारतेत."

सारा वर्ग हसला. बेडकाचं पिल्लू, आणि पाण्याबाहेर! सर म्हणाले, "सुखदेव, तुम्ही बरण्या सांभाळा."

आणि मी? मैत्रिणींसोबत मीही हसली, बाबा. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फडकं घेऊन टेबल पुसू लागले. घरी आल्यावर तर उलट मलाच विचारलं, "जेवली का मंदे?" थोडं रागवायचं होतं न.

रविवारी मीच म्हणाली, "बाबा, मला दाखवा." सौसरपर्यंत बस, पुढे पायी. नाल्याच्या काठच्या खडकावरून पाण्याची नुसती ओल झिरपत होती, आणि त्या ओलीवर शेपटीवाली पिल्लं बसली होती! मी बोट लावलं. टुणकन उडालं एक! मी किंचाळली आणि तुम्ही टाळी वाजवली.

सोमवारी वर्गात मी उभी राहिली. "सर, माझे बाबा खरं सांगून राहिले. मी पाहिलं."

सर मात्र मनाचे मोठे. पुढच्या रविवारी स्वतः आले. इस्त्रीच्या पँटसकट पोटावर झोपले त्या खडकावर! उठले तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत हिरवे. म्हणाले, "सुखदेव, मला माफ करा." आणि तुम्ही काय म्हणाले? "सर, हळू जी, घसरान!" किती हसलो आपण तिघं!

मग बेडूक कलकत्त्याच्या संग्रहालयाकडे रवाना झाला. त्या संध्याकाळी तुम्ही आईला म्हणाले, "माणसाची जात सोडून आलो आपण, अन् आता बेडकाची जात-प्रजाती शोधून राहिलो!" आईच्या बशीतला चहा सांडला हसता हसता.

उत्तराला वर्षं लागली. पोस्टमन दिसला की तुम्ही उठून उभे राहायचे. थोडं थांबायचं होतं न, बाबा! काय घाई होती?

संग्रहालयवाल्यांनी लिहिलं आहे, असे डोंगरातले छोटे बेडूक आता 'राना'तून वेगळे काढले, त्यांची नवी प्रजाती केली. आपला बेडूकही त्यातलाच दिसतो. नाव, इंदिराना! शेजारच्या बाईला हाक मारल्यासारखं वाटते न? तिथल्या बरणीवर आता हे नाव आहे, आणि खाली, पकडणारा म्हणून, तुमचं.

आईला ते नाव पाहायचं आहे. नागपूरच्या पुढे ती कधी गेली नाही, पण लुगडं आतापासून काढून ठेवलं. चिठ्ठी इंग्रजीत आहे, मी वाचून दाखवीन म्हटलं, तर म्हणते, "तू नको. मीच वाचतो."

म्हणून वचन देते, बाबा. तुमच्या नावाची सातही इंग्रजी अक्षरं तिला शिकवीन, आणि मगच आम्ही दोघी कलकत्त्याच्या गाडीत बसू. आज पाटी घेऊन बसली होती. कुरकुरली, "एवढ्याशा नावाले एवढे अक्षरं काहून लागतेत?" पण चार झाली.

'सुख'पर्यंत आली आहे आई.

तुमचीच,
मंदा