अर्ध्या तासाचं दूध

तीर्थस्वरूप एव्हिलासियोदादा,

आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. वहिनीचा गुडघा काय म्हणतो? यंदा तुमच्या बंबवाल्यांना आगी कमी आणि दुधाच्या बरण्याच जास्त, असं ऐकते. (घरोघरचं आईचं दूध गोळा करून इस्पितळाच्या दूधपेढीत पोचवणारा माझा सख्खा भाऊ आहे, हे मी सगळीकडे मिरवते.)

इकडे आरोग्य केंद्रात माझं झकास चाललंय. अख्ख्या ब्राझीलभर ऑगस्ट महिना स्तनपानाचा, त्यामुळे भिंतीवर माझा फोटो लागलाय. मांडीवर माझी लेक झुसारा, खाली ठळक अक्षरं: 'सहा महिने फक्त आईचं दूध'. आईला रजा मात्र चारच महिने. उरलेले दोन पोरीने बहुधा फोटोकडे बघून काढायचे. मुख्य नर्स क्लेओनीसबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, कायद्याने तुला पाजायला दिवसातून दोनदा अर्धा तास सुट्टी आहे की!" आहे ना. घर बसने दीड तासावर. कायद्याचा मान राखायचा म्हणून पहिल्या दिवशी निघाले. अर्ध्या तासात टायरवाल्याच्या दुकानापर्यंत पोचले, दुसरा अर्धा तास परत यायला वापरला. टायरवाल्याने विचारलं, "काय ताई, पंक्चर?" मी हो म्हटलं.

केंद्रात आलेल्या बायकांना स्तनपानावर भाषण देता देता ब्लाउज भिजतो. बायका टाळ्या वाजवतात, त्यांना ते प्रात्यक्षिक वाटतं. मग औषधांच्या खोलीत जाऊन कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरणीत दूध काढते आणि फ्रीजरमध्ये ठेवते. फ्रीजर दूधपेढीचा. आत गेलेली बरणी पेढीची, मग ती कुणाची का असेना. (आणि सेआराच्या उन्हात दीड तास नेली तर नासणारच.) तेव्हा माझ्या दुधावर परकी पोरं बाळसं धरतायत, मला प्रशस्तिपत्रक मिळालंय, आणि माझी पोर सासूबाईंच्या हातची मक्याच्या पिठाची पेज पितेय. सासूबाई म्हणतात, "तुझं दूधच पातळ गं, त्यात कस नाही. पोर सुकली बघ." गेल्या आठवड्यात वजन केलं. सुकलीय खरी. दादा, मला फार राग येतो, आणि तो काढायचा कुणावर ते कळत नाही.

बाकी सगळं ठीक. पोरांना पापे.

तुझी,
लिंडाल्व्हा

ता. क. गुरुवारी बरण्या न्यायला येशील तेव्हा एका झाकणाला लाल लोकर बांधलेली असेल. तुझ्या वाटेवरच आमचं घर आहे. तुझ्या बर्फाच्या पेटीतून काढून तेवढी सासूबाईंच्या दारात उतरव. ही चोरी आहे, माहीत आहे मला.

ता. ता. क. दूध माझं आहे असं त्यांना सांगू नकोस. इस्पितळातून आलंय म्हण. मग पाजतील.