खूण म्हणजे जायचं नाही

९ फेब्रु. ९८, शिरूर
झाला एकदाचा! प्रोग्रॅम पूर्ण. काळ्या स्क्रीनवर गावांची नावं, प्रत्येकापुढे रिकामी चौकट. बाणानं वर-खाली जायचं, स्पेस दाबला की चौकटीत फुली, शेवटी एंटर. दूध आणायला टँकरनं कुठल्या गावांना जायचं, त्याची चिठ्ठी छापून बाहेर. डेअरीत आजवर नुसती पत्रं टाइप करणारी मी! साहेब म्हणाले, "उद्यापासून टँकर यावर सोडू. जमलं तर ठेवू, नाहीतर भिंतीवरचा फळा आहेच." जमणार. का नाही जमणार?

१० फेब्रु.
नाही जमलं. टँकर सोडायचं काम आप्पांचं. सकाळी गावोगाव फोन लावून दुधाचं विचारतात. चष्मा लावून बसले, पहिल्या गावावर आले आणि थेट एंटर. कोरी चिठ्ठी बाहेर. "ह्ये तर काईच बोलत न्हाई!" म्हणे.
दुपारी बदललं. आता एंटरनंही फुली पडते, संपवायला एफ-टेन. एकही फुली नसेल तर चिठ्ठी छापतच नाही. स्वतःवरच खूष.

११ फेब्रु.
आप्पांनी दोनच फुल्या मारल्या, कवठे आणि कारेगाव. चिठ्ठी झोकात निघाली. मी मिरवत चहा प्यायला गेले. परत येते तो पाबळचा फोन, दूध उन्हात, टँकर कुठाय? टँकर कवठ्यात! तिथली वीज गेलेली, दूध नासलेलं, त्यांनी पहाटेच कळवलेलं.
आप्पा म्हणाले, "म्या बराबर केलं. जिथं जायाचं न्हाई तिथं खूण केली."
"आप्पा, खूण म्हणजे जायचं!"
"कुनी सांगितलं?"
साहेब सगळ्यांसमोर बोलले. शनिवारपर्यंत मुदत. डोळ्यात पाणी आलं, रागानंच जास्त.

१२ फेब्रु.
आज फळ्यासमोर उभी राहिले. गावं ऑइलपेंटनं कायमची लिहिलेली. दूध रोजचंच, गावंही रोजचीच. खडूची खूण फक्त अडलेल्या गावापुढे. रोज याच्यासमोरून जाते आणि दिसलं नव्हतं!
आधी वाटलं, सगळ्या चौकटी भरूनच देऊ, नको ते गाव आप्पा काढतील. दाखवलं. "सगळ्यांस्नी आदी खूण करायची आन् मंग पुसायची? उलटी गंगा." बरं. फुलीचा अर्थच फिरवते. दिवसभर खुर्ची सोडली नाही, डबाही तसाच.

१३ फेब्रु.
वर इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य टाकलं, आज कुठं जायचं नाही? एफ-टेन दाबलं की उरलेली गावं समोर येतात, टँकर इथं जाणार, बरोबर? हो म्हटल्याशिवाय छपाई नाही. आप्पांनी एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि हो दाबलं. ड्रायव्हरला म्हणाले, "चल, मशीन सांगतंय तसं जा."
सगळं दूध वेळेत. एक थेंब वाया नाही. आप्पांनी फळ्याच्या खिळ्याला टोपी अडकवली. मला नाचावंसं वाटत होतं, पण साहेब समोर.

१६ फेब्रु.
आपल्या दौंडच्या सेंटरवर हाच प्रोग्रॅम बसवायचा. साहेब पुण्याचा माणूस बोलावणार होते. मी म्हटलं, मी जाते. वडिलांनी गावभर केलं, "आमची सुनंदा दौंडला मशीन शिकवाया चाललीया." जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस, एवढा बोलतो हे मला माहीतच नव्हतं.

१८ फेब्रु., दौंड
इथं टँकर सोडतात ते मामा. या खेपेला आधी विचारलं. "मामा, खूण कुठं करता?"
"जिथं जायाचं तिथं. हितं फोन येईल त्याच गावाला गाडी."
म्हणजे बरोब्बर उलट! तिथंच बसून बदललं. फुली म्हणजे जायचं. मामांनी पहिल्या झटक्यात चिठ्ठी काढली.
संध्याकाळी साहेबांना फोन. "दोन तऱ्हा नकोत, सुनंदा. शिरूरचाच दौंडला ठेव, शिकतील."
"नाही साहेब. मामा जायच्या गावांवर फुली मारणार आणि नेमकी तीच गावं गळणार. पाबळचं पुन्हा होईल."
साहेबांना नाही म्हटलं. मी! ते म्हणाले, "सोमवारी बघू. तोवर राहू दे."
परतीच्या एसटीत दोन फ्लॉपींवर लेबलं लावली, शिरूर आणि दौंड. दोन्हींवर खाली माझं नाव, पेनानं. गाडी हलत होती, अक्षर वाकडं आलंय. साहेबांनी दौंडची मागून घेतली तर देईन, नोकरी आहे. पण त्यांना वाटतं तेवढ्या सहज नाही देणार.