कोपरा फाडलेलं कार्ड

आप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आपलं एक भांडण राहिलं आहे, म्हणून लिहिते. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात बी.ए.ची परीक्षा देऊन मी नेवाशाला आले, तेव्हा तुम्ही तिथे पोस्टमास्तर होतात आणि पेठेतली निम्मी पत्रं एक जीपवाला श्रीरामपूरला नेत होता. तुमचं टपाल दुसऱ्या दिवशी पोचे, त्याचं त्याच संध्याकाळी. पैसे घेऊन पत्रं पोचवण्याचा हक्क फक्त सरकारचा, म्हणून तुम्ही त्याच्यावर तक्रार लिहिलीत. मी अर्थशास्त्र शिकलेली. रात्री ताटावरच विचारलं, "तो लवकर पोचवतो, हा गुन्हा कसा?" तुम्ही म्हणालात, "आधी जेव." आई म्हणाली, "जीप बंद झाली तर त्यानं खायचं काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुमचा डबा घेऊन ऑफिसात उभी आहे. बस यायची आहे, टपालाच्या पिशवीचं तोंड बांधायचं आहे, लाख वितळते आहे आणि तक्रार अजून टेबलावरच आहे. तेवढ्यात तोच जीपवाला आत येतो. कोपरा फाडलेलं कार्ड पुढे करतो. म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी.

"मास्तर, एवढं तुमी घ्या. गाडीत देवीचा फोटू हाय. मयताचं कार्ड मी न्हाई नेत."

"माझ्या पिशवीत काय भुतं राहतात?"

तो हसला. "सरकारी पिशवी ती. तिला कशाचा इटाळ? आन् पत्ता बी पार वस्तीवरचा, तिथं रस्ताच न्हाई."

"म्हणजे पेठेची पत्रं तुझी, आणि हे माझं."

तुम्ही कार्डावर शिक्का मारलात, ते पिशवीत टाकलंत आणि त्याच्या देखत तक्रारही टाकलीत. काय टाकलंत तेही सांगितलंत. त्याचं हसू गेलं. "मास्तर, लेकरं हायेत वो मला. काढा ती भायेर." तो पाया पडायला वाकला. तुम्ही पिशवी बांधलीत.

जीप बंद झाली. पेठेत कोणी तुम्हाला नमस्कार करेना, गिरणीत आईला टोमणे बसले आणि मी सुट्टीभर तुमच्याशी बोलले नाही. आजही म्हणते, सक्त ताकीद पुरली असती. त्याचं पोट मारायला नको होतं. तुम्ही असतात तर हेच पुन्हा तोंडावर सांगितलं असतं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. गाठीवरच्या लाखेवर मोहोर बसेपर्यंत मला एकच धास्ती होती, की तुम्ही विरघळाल आणि तक्रार बाहेर काढाल.