राजाराम भाऊजींच्या नावे पेट्रोलचा ट्रक

"डिझेल आलं की सगळ्या गल्लीला कळतं. मी आलो हे तुला एकटीला कळलं की पुरे."

माझे पती कै. कुमार वर्तक हे वाक्य ट्रक विकत घेताना, विक्रेत्यासमोर, मराठीत बोलले. तेव्हा त्यांची रिफायनरीतली पाळी पहाटे सुटायची आणि आमची मुलगी नैना खुट्ट झालं तरी जागी व्हायची. विक्रेत्याने मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, पेट्रोलचाच हवा म्हणतात.

हा कागद मुख्यतः त्या ट्रकसाठी आहे. बाकीचं थोडं आहे, तेही लिहिते.

मी, उत्तरा कुमार वर्तक, वय सेहेचाळीस, राहणार शुगर लँड, टेक्सस, व्यवसाय ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे लोकांचे कान तपासणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणीही भरीस न घालता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. ते असं दोनदा म्हणाले, म्हणून लिहायला बसले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. याचा इंग्रजी मसुदा आमचा वकील शार्दूल करील. तो इथेच जन्मला, पण मराठी वाचतो. कच्चा कागद वाचून तो म्हणाला, "मावशी, क्लॉज पाच ड्रॉप करूया. 'शुद्धीत' लिहिलंय ना वर, मग ते खाली नको." मी कलम पाच ठेवलं आहे.

कलम १. राहतं घर आणि त्यातलं सामान माझी एकुलती मुलगी नैना हिला. ती जर्सी सिटीत उंच इमारतीत राहते आणि हे घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावं. मागच्या दारचा कढीपत्ता शेजारच्या सुचित्राला द्यायचा होता, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असं शार्दूल म्हणतो. म्हणून कुंडी मी आजच तिच्या दारात नेऊन ठेवली.

कलम २. बँकेतली शिल्लक, विमा आणि दागिने नैनाला. माझ्या मंगळसूत्राचं तिने हवं ते करावं. ती विचारणार नाही, म्हणून आधीच परवानगी देऊन ठेवते.

कलम ३. कुमारची हत्यारं, म्हणजे पान्यांचे दोन्ही संच, ड्रिल, जॅक आणि ट्रेलर जोडायचा हूक, मराठी मंडळाच्या मंच-समितीला. शिडीही दिली असती, पण ती त्यांनी तीन गणपतींपूर्वी नेली आणि परत आणली नाही. ती दिलीच असं समजावं.

इथून पुढे कुमारला 'तो' म्हणते. 'ते' फक्त सरकारी कागदात होता.

कलम ४. माझा राग. याची वाटणी करता येत नाही, पण तो कुणावर आणि का, हे नोंदवल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही.

राजाराम वर्तक हे कुमारचे चुलतभाऊ, वयाने मोठे. या देशात त्यांनी आम्हाला आणलं आणि पहिलं वर्ष स्वतःच्या घरात ठेवलं. कुमार त्यांना राजादा म्हणे, मी भाऊजी म्हणते. त्यांच्याकडे डिझेलचा जुना ट्रक होता. त्याचा सायलेन्सर त्यांनी मुद्दाम कापून घेतला होता. दर गणपतीत हॉलच्या मागे दोघांचे ट्रक शेजारी उभे राहत आणि दोघे एकमेकांना चिडवत. भाऊजी म्हणत, "कुमार, तुझा ट्रक चालू आहे की बंद, हे बॉनेटला हात लावून बघावं लागतं." कुमार म्हणे, "राजादा, तुझा चालू केलास की शेजारी पोलिसांना फोन करतात."

कुमार गेला त्या वर्षी मखर आणि मंचाचं लाकूड ऑस्टिनच्या मंडळाकडून आणायचं होतं. कुमारचा ट्रक हा भार दर वर्षी ओढत होता. पण भाऊजी म्हणाले, या उन्हात, एवढ्या वजनाला पेट्रोलचा धापा टाकेल, तो आपला कांद्याची पोती आणायला ठीक आहे. चारचौघांत म्हणाले. मोठ्या भावाशी वाद नको म्हणून कुमारने आपल्या ट्रकचा हूक काढला, भाऊजींच्या ट्रकला लावला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

कोलंबस गाव मागे पडल्यावर कुमार काहीतरी बोलला. इंजिनच्या आवाजात भाऊजींना ते ऐकू आलं नाही. ते "हो, हो" म्हणाले. मग कुमारने डोकं काचेला टेकलं. त्यांना वाटलं, झोप लागली. थंडी वाजू नये म्हणून त्यांनी त्याच्या बाजूची एसीची जाळी बंद केली, रेडिओही बंद केला, आणि ऑस्टिनपर्यंत त्याला झोपू दिलं. तिथे पोचल्यावर उठवायला गेले.

हे सगळं भाऊजींनी मला हॉस्पिटलमध्ये सांगितलं. नंतर घरी येऊन सांगितलं. दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने. एकदा मी विचारलं, "भाऊजी, हो कशाला म्हणालात?"

"सवयीने गं. आपण म्हणतो ना."

म्हणतो खरं. माझ्या दवाखान्यात आपली वडीलधारी माणसं येतात. त्यांच्या कानावर यंत्र लावून मी विचारते, आवाज आला का? कागदावर ऐकण्याची रेघ पार खाली गेलेली असते आणि ते हसून हो म्हणतात. 'ऐकू आलं नाही' म्हणणं आपल्याकडे समोरच्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. पण त्यानंतर मला घरात बसल्या बसल्या वाक्यं सुचू लागली. 'नैनाकडे लक्ष देशील ना?' याला हो म्हटलं असेल, तर कुमार निश्चिंत गेला. 'राजादा, गाडी थांबवतोस का?' यालाही हो म्हटलं असेल, आणि गाडी थांबली नाही. दोन्हीत ते 'हो' बसतं. कोणतं, हे कळल्याशिवाय मला भाऊजींना क्षमाही करता येत नाही आणि दोषही देता येत नाही.

हूक मला परत आणून दिला आणि भाऊजींनी तो डिझेल विकला. माझ्याकडे यायचं सोडलं.

कलम ५. पेट्रोलवर चालणारा, इथल्या बोलीत गॅसचा, जड कामाचा पांढरा पिकअप ट्रक, जो माझ्या दारात उभा आहे.

दिवसकार्य आटोपून माणसं पांगल्यावर मी तो चालू केला. पेट्रोल फार काळ पडून राहिलं की बिघडतं, असं कुमार सांगायचा, म्हणून. शेजारच्या सीटवर माणूस बसला असेल आणि त्याने पट्टा लावला नसेल, तर या ट्रकमध्ये टिंग टिंग वाजतं. ते वाजू लागलं. सीटवर काही नव्हतं, माझी पर्ससुद्धा नव्हती. मी रिकाम्या सीटचा पट्टा लावला. वाजणं थांबलं.

गॅरेजमध्ये सीटखालचा सेन्सर बदलून घेतला, मग अख्खी वायरिंग. परत येताना पुन्हा वाजलं. गॅरेजवाल्याने सीट दाबून पाहिली आणि सहज विचारलं, इथे कुणी भारी माणूस बसतो का? त्या बाजूला कायम मीच बसत आले. फोमला पडलेला खळगा माझ्यापेक्षा रुंद आहे.

मी हे कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्यात नैना आली आणि भाजी आणायला एकटीच ट्रक घेऊन गेली. ती परतली तेव्हा मी अंगणात होते. ती उतरली, पिशव्या घेतल्या. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता.

"बीप होत होतं, आई. म्हणून लावला."

"आणि ती एसीची जाळी? तू बंद केलीस?"

तिने आत वाकून पाहिलं. इतक्या उन्हातून आलेली, पण तिच्या दंडावर काटा आला होता. "मी नाही केली," ती म्हणाली. मग, "सेल इट, आई. प्लीज." त्या भेटीत ती पुन्हा ट्रकमध्ये बसली नाही. विमानतळावर टॅक्सीने गेली.

ऑगस्टमध्ये, भर दुपारी, मी ट्रक घेऊन ऑस्टिनच्या रस्त्याने निघाले. शेजारचा पट्टा लावला, रेडिओ लावला नाही. या इंजिनचा आवाज इतका कमी आहे की वळणावर पाण्याची बाटली कलंडली तरी ऐकू येते. कोलंबस मागे पडलं. झाडांच्या सावलीत गुरं उभी होती, सगळी रस्त्याकडे तोंड करून. शेजारून आवाज आला.

"राजादा,"

घाबरलेला नव्हता, दुखत असल्यासारखाही नव्हता. काही छोटंसं विचारायचं असलं की तो जसा सुरुवात करायचा, तसा. मी म्हटलं, "काय रे?" पुढे काही नाही. शेजारच्या सीटवर कुणी बसलं असता डॅशबोर्डवर जो दिवा लागतो, तो विझला. घरापर्यंत विझलेला राहिला.

मी पुन्हा गेले. पुन्हा तेवढंच, "राजादा," आणि थांबला. मी बोलले नव्हते तरी थांबला. चालकाच्या जागी कोण आहे हे त्याने पाहिलं असावं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला कितीतरी नावांनी हाक मारली. त्या नावाने कधीच नाही. तो प्रश्न माझ्यासाठी नाही, म्हणून मला तो पुरता ऐकू येणार नाही.

माझ्या कानांबद्दल शंका घेतली जाईल म्हणून माझ्या सहकारी डॉक्टरकडून तपासून घेतले आहेत. आलेख सोबत जोडला आहे. दोन्ही कान उत्तम आहेत.

सबब, हा ट्रक मी श्री. राजाराम वर्तक यांना देत आहे. त्यांनी तो घ्यायला नकार दिल्यास तो मोडीत काढून लोखंड करावं. विकू नये. ती सीट अनोळखी माणसांच्या घरी जाऊ नये, त्यांच्याकडे लहान मुलं असतील. तोवर नैनाने कुणाकडून तरी आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून घ्यावं आणि शेजारची जाळी बंदच ठेवायला सांगावं.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शार्दूलने करावी. तो कलम पाचला हसला नाही, याबद्दल त्याचे आभार.

वरील मजकूर मी लिहून, पुन्हा वाचून, शार्दूल आणि दोन साक्षीदार अशा तिघांसमोर मोठ्याने वाचून सही केली आहे.

उत्तरा कुमार वर्तक (सही)

आमच्यासमोर सही झाली. आमच्या माहितीप्रमाणे लिहिणारी शांत आणि शुद्धीत होती:
सुचित्रा दिघे, शेजारी (सही)
नील सबनीस, दवाखान्यातील सहकारी (सही)

शुगर लँड, टेक्सस
९ ऑक्टोबर २०२५

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं शार्दूलने सांगितलं. म्हणून हे इथे लिहिते. याची सक्ती कुणावर नको.

भाऊजी, ट्रकची किल्ली घेऊन तुम्ही तो फार तर अंगणात उभा कराल, वर ताडपत्री घालाल. तुम्हाला रस्त्याची भीती नाही, त्याच्या उत्तराची आहे, हे मला समजतं. माझी अवस्था तीच होती, तरी मी दोनदा गेले. तुम्ही एकदाच जा. दिवसाउजेडी जा. शेजारचा पट्टा लावा. कोलंबस मागे पडलं की तो तुम्हाला हाक मारील. तेव्हा हो म्हणू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, त्याच्याकडे तोंड वळवा आणि विचारा, "ऐकू आलं नाही रे, काय म्हणालास?" तो जे सांगेल ते, वाईटात वाईट असलं तरी, एक शब्द न बदलता नैनाला फोन करून सांगा.

तुम्ही जाणार नाही, हे मला माहीत आहे. तरी मागते.