अकरा स्टे

नाना, तुमचं इंजिन गेल्या मंगळवारी चाललं. जुन्या वखारीच्या मैदानात अर्धा किलोमीटर नवे रूळ टाकलेत, तेवढ्यावरच पुढे गेलं आणि मागे आलं, पण स्वतःच्या वाफेवर गेलं, कोणी ढकललं नाही. देडतलाईच्या जंगलातून सागाचे ओंडके ओढून आणणारं ते अडीच फुटी रुळांवरचं तुमचं इंजिन इतकी वर्षं बागेतल्या चौथऱ्यावर उभं होतं. धुरांड्यात पारव्यांनी घरटी केली होती आणि चाकांवर पोरापोरींनी बाण काढून नावं कोरली होती. आता त्याला काळा-लाल रंग दिलाय, पितळ घासून लख्ख केलंय, आणि लोक त्याच्याशी अशा जिव्हाळ्याने वागतायत की जणू हेच रोज त्याला कोळसा भरवत होते. मलाही हार घातला. झेंडूचा, चांगला जाड. मी तो निमूट घालून घेतला, आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे पत्र कुठे धाडणार हे विचारू नका.

ते इंजिन बंद पडलं ते माझ्या एका रिपोर्टमुळे, हे तुम्हाला माहीत होतं. तो रिपोर्ट कसा लिहिला गेला हे मात्र माहीत नव्हतं. तुम्ही त्या लाईनचे ड्रायव्हर, आणि छोट्या कंपनीत ड्रायव्हर म्हणजे फिटरही तोच, बॉयलरचा वैद्यही तोच. मी खंडव्याहून डिप्लोमा करून आलो, त्याच कंपनीत ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो आणि तेविसाव्या वर्षी कागदोपत्री स्वतःच्या वडिलांचा, तुमचा, साहेब झालो. चारचौघांत तुम्ही मला खरंच साहेब म्हणायचात, आणि घरी आल्यावर "साहेब, जरा बादली भरून ठेवा" म्हणून गालातल्या गालात हसायचात. मला ते आवडायचं नाही. डिप्लोमाची शाई ओली होती आणि मला वाटायचं की बॉयलरबद्दल जे काही कळायचं ते पुस्तकातून कळतं. तुमची पद्धत वेगळी होती. फायरबॉक्सच्या, म्हणजे इंजिनाच्या भट्टीच्या, दुहेरी पत्र्यांना धरून ठेवणारे ते आखूड दांडे, आपण त्यांना स्टे म्हणायचो, ते शाबूत आहेत की तुटले हे बघायला तुम्ही आत शिरायचात, एकेकावर हातोडी मारायचात आणि ऐकायचात. "खणकन वाजला तं जिता हाये, भद्द वाजला तं मेला. त्याले मशीन लागत नाही, कान लागते," असं तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

तुमचा कान गावात माहीत होता. उन्हाळ्याच्या तोंडाला बुधवाऱ्याच्या बाजारात माठ घ्यायला गेलात की कुंभारीण शेजारणीला म्हणायची, "पाय, आले डॉक्टर, आता माहे सगळे माठ ठोकतीन." तुम्ही खरोखरच सगळे ठोकायचात आणि शेवटी पहिलाच उचलायचात. आई रस्त्याच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन लाजून उभी असायची. तुम्ही निवडलेला माठ आमच्याकडे कधी झिरपला नाही.

आता त्या दिवसाचं. सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर यायच्या आधी कंपनीचा स्वतःचा रिपोर्ट तयार लागायचा आणि त्या वर्षी तो पहिल्यांदा माझ्याकडे आला. इंजिन दोन दिवस थंड करून ठेवलं होतं. सकाळी मी वखारीत पोचलो तेव्हा तुम्ही फायरबॉक्समधली राख काढून, आतून पुसून घेऊन, खाली धुतलेलं गोणपाट अंथरलं होतं. दिवाही लावून ठेवला होता. माझ्या अंगावर नवा टेरिकॉटचा पांढरा शर्ट होता, कारण दुपारच्या गाडीने मला रावेरला मुलगी बघायला जायचं होतं. तुम्ही म्हणालात, "शर्ट काढून आत जाय. गोणपाट टाकेल हाये, पँट नाही खराब व्हायची." मी म्हटलं, बघतो मी, तुम्ही चहा घेऊन या. तुम्ही गेलात. मी त्या दाराशी वाकलो. ते दार केवढंसं, तुम्हाला माहीत आहे. दोन्ही हात आधी घालून, खांदा तिरका करून सापासारखं सरपटत जावं लागतं, आणि एकदा आत गेलं की काजळीचा वास तीन दिवस केसांतून जात नाही. मी बाहेरूनच एक हात आत घातला, पोचले तेवढे चार-पाच स्टे ठोकले, हात रुमालाला पुसला आणि टेबलावर जाऊन रिपोर्ट लिहिला: अकरा स्टे तुटलेले, खालचा पत्रा झिजलेला, बॉयलर चालवण्यास अयोग्य.

सगळं ठीक आहे असंही लिहिता आलं असतं. ते का लिहिलं नाही, यावर मी आयुष्यभर स्वतःला एक उत्तर देत आलो. बॉयलर फुटला असता तर आत तुम्ही होतात, मी न बघता सही कशी करणार होतो? हे खोटं नाही, भीती खरी होती. पण न बघता सही तर मी केलीच, फक्त ज्या बाजूला माझ्यावर बालंट येणार नाही त्या बाजूला केली. बंद ठेवलेलं इंजिन कधी फुटत नाही. शिवाय मॅनेजरना ट्रक घ्यायचेच होते, त्यांनी रिपोर्ट हातात घेऊन माझी पाठ थोपटली. आणि या सगळ्याच्या बुडाशी तो शर्ट होता, नाना. अकरा हा आकडा कुठून आला हे मला आजही सांगता येत नाही. दहा लिहिला असता तर अंदाजाने लिहिल्यासारखा दिसला असता, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रावेरहून पेढे घेऊन परतलो. मुलगी पसंत पडली होती, तीच तुमची सून. आई भाकरी थापता थापता मला विचारत होती, उंची किती, रंग कसा, बोलायला कशी. मी ताटावर बसलो होतो. तुम्ही आलात ते डोक्यापासून पायापर्यंत काळे. हातपाय न धुता तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलात, हे तुम्ही कधी करायचा नाहीत. "अकरा कोनते रे?" तुम्ही विचारलंत. आवाजात राग नव्हता, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मी दोन डाव ठोकून पायले सगळे. मले तं दोनच मेलेले भेटले. ते दोन एका दिवसात बदलतो मी." आईचा हात परातीतच थांबला. मी ताटावरून मान वर न करता म्हणालो, "नाना, तुमचे कान गेले आता. मला आलं ते तुम्हाला ऐकू नाही आलं." तुम्ही म्हणालात, "असंन. तीस वर्सं इंजनापाशी बसून कोनाचे कान राह्यतेत." आणि आईला म्हणालात की त्याला अजून भरीत वाढ, प्रवासातून आलाय.

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. मी दोन शिव्या खाल्ल्या असत्या, कदाचित चिडून खरंही बोलून गेलो असतो. तुम्ही माझं ऐकलंत, हेच मला कधी पचलं नाही. इंजिन चौथऱ्यावर चढलं, कंपनीने तुम्हाला वखारीच्या फाटकावर बसवलं, आणि तुम्ही खरोखर बहिऱ्या माणसासारखे वागायला लागलात. कीर्तनाला पुढे जाऊन बसायचात. कोणी काही बोललं की ऐकू आलेलं असूनही एकदा "काय म्हनलं?" विचारून खात्री करून घ्यायचात. आईने तुम्हाला जबरदस्तीने कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तपासून सांगितलं की कान ठणठणीत आहेत, आणि तुम्ही बाहेर येऊन आईला म्हणालात, "त्याले काय समजते. आपला पोरगा इंजिनेर हाये." हे आईने मला हसत हसत सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलो तर तुम्ही माठाला हातही लावला नाहीत. आईला म्हणालात, तूच ठोकून पाय. कुंभारीण गमतीने काही बोलायला गेली आणि तुमचा चेहरा बघून माठ पुसायला लागली. मी सायकल धरून शेजारीच उभा होतो.

तुम्ही असेतोवर मला सांगता आलं असतं. पोरं झाली, मी सरकारी खात्यात लागलो, जसोंडीच्या रस्त्याला घर बांधलं, तुम्ही त्या घराच्या ओट्यावर बसून चहा प्यायचात. सांगायला रोज एक दिवस होता. मी टाळत गेलो.

गेल्या वर्षी इंदूरहून एक मुलगी आली. मराठी घरातली, जुनी इंजिनं दुरुस्त करायचं काम करते, वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. गावात समिती होऊन इंजिन पुन्हा चालवायचं ठरलंय म्हणाली, आणि त्याच्यावर काम केलेला हयात माणूस मी एकटाच उरलोय. मी जायला लागलो. बॉयलर उघडला, नळ्या बदलल्या, गंज खरवडला. मी खुर्ची टाकून बसायचो आणि "बॉयलरला घाई चालत नाही" वगैरे तुमची वाक्यं माझी असल्यासारखी पोरांना ऐकवायचो. एक दिवस ती म्हणाली, "सर, स्टे ठोकून बघायचे आहेत. तुम्ही एकदा ऐकून सांगा ना, तुम्हाला तर सवय आहे." माझी पासष्टी उलटली आहे, पोट सुटलंय, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. दोन पोरांनी पायांकडून ढकललं आणि मी पहिल्यांदा त्या फायरबॉक्समध्ये शिरलो.

आत बसतो. गुडघे हनुवटीला लागतात. ती दारातून हातोडी देते आणि मी डाव्या भिंतीपासून सुरू करतो. खणकन वाजतो. पुढचा वाजतो, त्याच्या पुढचा वाजतो, ओळीच्या ओळी वाजत जातात. उजव्या भिंतीला वरच्या कोपऱ्यात एक भद्द वाजतो, आणि त्याच्याच खाली आणखी एक. मी सगळे पुरे करतो, मग पुन्हा पहिल्यापासून ठोकतो. दोनच आहेत, नाना. पत्राही मोजला, चांगला जाड निघाला. बाहेरून ती विचारत होती, सर, ठीक आहात ना, आणि मी दारातून नुसती हातोडी परत दिली. नशीब, काजळीने तोंड आधीच काळं झालं होतं.

कंपनीच्या जुन्या कागदांत तिला माझा रिपोर्ट सापडलेलाच होता. तो समोर ठेवून ती म्हणाली, "सर, इन्स्पेक्टर साहेब हा पाहून अडतील. जुन्यात अकरा, आत्ता दोन, असं कसं म्हणतील. वाफ करायची परवानगीच नाही देणार. हे अकरा कोणते होते, तुम्हाला याद आहे का?" तुमचाच प्रश्न होता. मला एवढंच म्हणायचं होतं की मी आत गेलोच नव्हतो. तेवढ्या एका वाक्याने काम झालं असतं, परवानगी त्यानेही मिळाली असती. माझी नोकरी संपलेली, मॅनेजर गेलेले, माझं कोणी काही बिघडवणार नव्हतं. मी म्हणालो, "ठोकायचं काम ड्रायव्हरचं. त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. त्यांचे कान गेले होते." तिने तसं टाईप करून आणलं आणि मी सही केली. ड्रायव्हर कोण होता हे तिला माहीत होतं. कागद परत घेताना ती हळू आवाजात म्हणाली, "स्वतःच्या वडिलांबद्दल असं लिहून द्यायला हिंमत लागते, सर." समितीतल्या लोकांनाही तिनेच हे सांगितलं. तो हार त्यासाठी होता.

मंगळवारी इन्स्पेक्टर समोर उभे राहिले, सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर दाबाला उघडला, कुठे थेंब गळला नाही. मला वर चढवून वाफ सोडायच्या दांड्यावर, रेग्युलेटरवर, हात ठेवायला लावला. इंजिन हललं तेव्हा पायाखाली जो धक्का बसतो तो मला माहीत नव्हता. तुमच्याबरोबर मी एकदाही वर चढलो नव्हतो, कपडे खराब होतात म्हणून. तुमची सून खाली गर्दीत उभी होती. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आज नाना पायजे होते." मी हो म्हणालो.

रविवारी उद्घाटन आहे. इंजिनाशेजारी पाटी लागणार आहे, तिचा मजकूर समितीने आज दुपारी मोबाईलवर पाठवला. हिंदीत आहे, चांगला लिहिलाय. लाईन कधीची, इंजिन कुठून आलं, माझ्या मार्गदर्शनाबद्दल दोन ओळी, आणि मध्ये एक वाक्य, की वृद्ध चालक की श्रवण-शक्ति क्षीण हो जाने से बॉयलर को भूलवश ख़राब मान लिया गया. खाली लिहिलं होतं, काही बदल असेल तर आजच कळवा, उद्या दगडावर कोरायला देतोय. हे पत्र कपाटात जाईल, किंवा फाडीन. तुम्हाला वाटेल की हे सगळं लिहून मन हलकं झाल्यावर मी उठून त्यांना फोन करीन. पण मी 'ठीक है' असं कळवून टाकलं, आणि त्यानंतर हे लिहायला बसलो.