फरशीखालचा पाइप

ता. ३ नोव्हेंबर

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी वहिनी मला उलटं सांगते, म्हणून लिहायलाच बसलो.

आपला बॉयलर गेला. आधी विझला, मग गॅसच्या माणसाने त्याला धोक्याची लाल चिठ्ठी डकवली, आणि परवा तो घराबाहेर पडला. पण जाताना आमचा जीव काढला त्याने. बाबांनी आणला तेव्हा स्वयंपाकघराचं दार रुंद होतं. मागाहून कपाटासाठी आपण चौकट आत घेतली, हे कोणाच्या लक्षात? चार दांडगे गडी त्याला मिठी मारून दारात अडकले आणि तुझी वहिनी पलीकडे चहाचा ट्रे घेऊन अडकली. शेवटी चौकटच उखडली. भंगारवाला आला, झाकण उघडून आतला पांढरा कापूस बघितला आणि दोन पावलं मागे सरला. हा कापूस म्हणजे ॲस्बेस्टॉस, फुप्फुसाचा वैरी आहे, फुकट दिलात तरी नेणार नाही म्हणाला. आता नगरपालिकेची खास गाडी येईपर्यंत स्वारी फाटकाशी जाड प्लास्टिक पांघरून उभी आहे. येणारेजाणारे विचारतात, कोण पाहुणे आलेत?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. नवा बॉयलर एवढासा, भिंतीवर टांगायचा. त्याच्या पाइपांसाठी काल स्वयंपाकघराची फरशी खणायला घेतली. गवंड्याने सिंकजवळ पहार घातली आणि छताला लागेल असं कारंजं उडालं. नवा बॉयलर बसवणाऱ्या फिटरबाई ओरडल्या, मेन कॉक बंद करा. मी धावत जाऊन केला. तरी पाणी येतच राहिलं, आणि तेही शाईसारखं काळं. खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधलं साचलेलं पाणी असं काळं असतं म्हणे. पण आपल्या रेडिएटरांचं पाणी तर फिटरबाईंनी बॉयलर काढतानाच सोडून दिलं होतं. मग हे कोणाचं? बादल्यांवर बादल्या भरल्या, तेव्हा कुठे थांबलं. खाली बघतो तर तांब्याचे दोन पाइप, जुळ्या भावांसारखे शेजारी शेजारी, सरळ सामाईक भिंतीखाली शिरलेले. त्यांची टोकं बॉयलरजवळ होती, पण जुन्या न्हाणीघराची असतील असं समजून बाईंनी ती बुचं मारून बंद केली होती.

गवंड्याने पाइप कुठवर जातो ते बघायला हातोडीने तीन टोले दिले. चिमे, भिंतीपलीकडून तीन टोले परत आले. गवंडी हातोडी टाकून अंगणात गेला, तो चहा तिथेच प्यायला.

भिंतीपलीकडे कोण राहतं ते तुला सांगायला नको. बाबांनी मागे हौसेने बांधलेल्या खोलीची पलीकडच्या काकांनी तक्रार केली, ती खोली पाडली गेली, आणि त्या घराकडे बघायचंही नाही हा बाबांचा हुकूम निघाला, त्याला आता चाळीस वर्षं होतील. मग आपल्या स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे पाइप नेला कोणी? मी तेव्हा वसतिगृहात होतो. तुला काही आठवतं का?

इकडे आम्ही विजेच्या शेगडीसमोर दोन दोन स्वेटर घालून बसतो. तुझी माया अशीच ऊबदार राहू दे.

तुझा,
दादा

*

ता. ९ नोव्हेंबर

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला फळ्यावर काय लिहिलं ते देव जाणे.

आठवतं! मी सातवीत होते. बाबांना नवी यंत्रं बसवायला कारखान्याने बाहेरगावी पाठवलं होतं, आणि त्याच तुकडीत पलीकडचे काकाही होते. दोघं महिनाभर एका खोलीत राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत, हे बाबाच अभिमानाने सांगायचे. त्याच दिवसांत आईने मला अचानक मावशीकडे धाडलं. परत आले तर सिंकपासून भिंतीपर्यंत फरश्यांची एक ओळ वेगळ्या रंगाची. कुकर पडून फुटल्या, असं आईने सांगितलं. मी म्हटलं, कुकर काय सरळ रेषेत पडतो? त्यावर डोक्यात टपली मिळाली आणि विषय संपला.

आणि बाबांचं ते दर हिवाळ्यातलं गाऱ्हाणं आठव. हा बॉयलर खातो किती आणि तापवतो किती! दर वर्षी त्याला उघडून आत डोकं घालायचे, आणि आई मागे कणीक मळत म्हणायची, जुनं यंत्र आहे, चालायचंच. दादा, यात बाबांचा हात असणं शक्य नाही. पलीकडच्या काकांचं नाव निघालं तरी त्यांना ठसका लागायचा. माझा सगळा संशय कणकेवर.

पण गंमत बाजूला. वाचता वाचता माझ्या मनात एक गोष्ट आली. काका तर गेले. काकू त्या घरात एकट्या आहेत ना? त्यांचे रेडिएटर जर आपल्या बॉयलरवर चालत असतील, तर तो विझला त्या दिवसापासून त्या कशा राहताहेत? तू उद्याच्या उद्या जा. बाबांचा हुकूम बाबांबरोबर गेला.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी लोभ कमी करू नकोस, आणि राग यावा असंच लिहिलंय.

तुझी,
चिमी

*

ता. १६ नोव्हेंबर

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तू म्हणतेस म्हणून गेलो. शेजारचं दार, पण तुझ्या वहिनीला पाठीत हात घालून ढकलावं लागलं.

दार काकूंनीच उघडलं. अंगात ओव्हरकोट, डोक्याला मफलर, हातात काठी. घरात बाहेरच्याइतकाच गारठा. माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, आलास? तुझ्या त्या माणसाला सांग, एवढा दणका घातला की माझा कप फळीवरून पडला, मी काठी आपटून बंद करा म्हणून सांगितलं तर उलट पळूनच गेला. म्हणजे ते तीन टोले असे होते!

मी पाइपाचं विचारलं. त्यांनी मला बसवलं आणि सगळं सांगितलं, अगदी हवामान सांगावं तसं. त्या हिवाळ्यात त्यांचा बॉयलर तडकला, गॅस बंद झाला. काकांनी परत आल्यावर बघू म्हणून हात झटकले आणि बाहेरगावी गेले. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, दमेकरी. म्हातारीचा खोकला आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. दोन रात्री आईने तो ऐकला आणि तिसऱ्या दिवशी मागच्या दाराने त्यांच्याकडे गेली. भांडण नवऱ्यांचं आहे, खोकला म्हातारीचा आहे, एवढंच म्हणाली. ओळखीचा गवंडी आणला, नळवाला आणला, आणि नवरे परतायच्या आत दोघी फरशी बुजवून मोकळ्या झाल्या.

मी विचारलं, काकांना कळलं कसं नाही? काकू हसल्या. त्यांनी नवऱ्याला सांगितलं की जुन्या बॉयलरमध्ये आता विजेचं काहीतरी बसवलंय, हात लावाल तर झटका बसेल. काकांनी मरेपर्यंत त्या बॉयलरच्या कपाटाचं दार उघडलं नाही. आणि इकडे आपले बाबा दर वर्षी आत डोकं घालून बसायचे!

फाटकाशी बॉयलर उभा दिसला तेव्हा काकूंना वाटलं, मला पाइपाचं कळलं आणि मी तो तोडला. म्हणून गप्प राहिल्या. मला भलतंच लागलं ते. मी लगेच म्हटलं, फरशी उघडीच आहे, पाइप शाबूत करून नव्या बॉयलरला जोडतो. तर त्या सरळ नको म्हणाल्या. तो पाइप तुझ्या आईचा होता, तुझी माझी ओळख काय? कालपर्यंत तू मला बघून फुटपाथ बदलत होतास, म्हणाल्या. तुझ्या वहिनीने विजेची शेगडी पाठवली, ती साभार परत आली.

मी काय चुकीचं बोललो सांग. मदतच करत होतो ना? फिटरबाईंनी शुक्रवारपर्यंत काम थोपवलंय. त्यानंतर फरशी बुजवावी लागेल, आणि थंडी तर वाढतच चालली आहे. त्या वयात न्यूमोनिया व्हायला कितीसा वेळ लागतो? लवकर लिही. तुझ्या उत्तरावर माझी भिस्त आहे, आणि तुझ्या मायेवरही.

तुझा,
दादा

*

ता. १९ नोव्हेंबर

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. घाईत लिहितेय, टपालपेटी उघडायच्या आत टाकायचंय.

अरे, तू पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलास आणि फिटरसारखा बोललास. पाइपाचं विचारलंस, पाइप जोडतो म्हणालास. त्यांनी आपली आई तुझ्यापुढे मांडली आणि तू पान्याचं माप विचारावं तसा बसलास. उपकार कोणाला आवडतात, सांग?

आता फरशी बुजवू नकोस. फिटरबाईंच्या हातापाया पड. आणि पुन्हा जा, पण रिकाम्या हाताने जा. देऊ नकोस काही, माग. माझ्या वतीने एक माग. मला आई आठवते ती कायम कामात, ओठ मिटलेली. त्या आठवड्यात, घरात कोणी नसताना, दोघी फरशी खणवत होत्या तेव्हा ती हसली होती का? एवढंच त्यांना विचार. मला खरंच जाणून घ्यायचंय.

आणि विचारून झाल्यावर घाईने उठू नकोस. नीट ऐकू येत नसेल तर खुर्ची पुढे ओढ.

तुझीच, भांडूनही माया करणारी,
चिमी

*

ता. ४ डिसेंबर

चि. चिमीस,

पलीकडच्या काकूचे अनेक आशीर्वाद. तुला शेवटचं जवळून पाहिलं तेव्हा तू परकरात होतीस आणि आमच्या भिंतीवर चेंडू आपटत होतीस. आता तुझ्याशी कोणत्या नात्याने लिहावं हे ठरवता ठरवता पंधरवडा गेला, म्हणून राग मानू नकोस.

तुझा भाऊ आला. खुर्ची ओढून इतका जवळ बसला की मला वाटलं, याला चष्मा हवाय. मग पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखं म्हणाला, चिमीने विचारलंय, आई हसली होती का? त्याचे डोळे भरले होते. तुला सांगणार नाही तो, म्हणून मी सांगते.

हसली होती गं. खणलेली माती टाकायची कुठे, हा प्रश्न होता. रस्त्यावर टाकली तर गल्लीभर चर्चा. तुझी आई ती बादलीत भरायची, वर धुतलेले कपडे पसरायची आणि वाळत घालायला निघाल्यासारखी माझ्या परसात यायची. एकदा फाटकात कारखान्यातल्या साहेबांची बायको भेटली आणि तिने मदत म्हणून बादलीची कडी धरली. धरली आणि वाकलीच! तुझी आई म्हणाली, मुलाच्या जीन्स आहेत, पाणी फार पितात. आत आल्यावर आम्ही दोघी त्या उघड्या फरशीवर बसून पोट धरून हसलो. सासूबाई अंथरुणातून ओरडत होत्या, काय झालं, मलाही सांगा.

पण त्यानंतर आम्ही बोललो नाही. खोटं कशाला सांगू? नवरे परत आले, त्यांचं भांडण आम्ही पाळलं. पुढे सवयच झाली. सकाळी पाइप तापला की मला वाटायचं, उठली बाई, कामाला लागली. तेवढ्यावर मी समाधान मानलं. तिनेही मानलं असेल.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या भावाला मी नाही का म्हटलं ते तुला कळायला हवं. तुझी आई गेली त्या सकाळीही पाइप गरमच होता. नंतरही रोज गरम होता. मी आपली निर्धास्त. आठवडा उलटल्यावर दूधवाल्याने सांगितलं, शेजारच्या बाई गेल्या ना? एका भिंतीच्या अंतरावर होते मी, आणि मला दूधवाल्याने सांगावं!

म्हणून तुझ्या भावाला म्हटलं, जोड बाबा तुझा पाइप, पण मला आता नुसत्या पाइपाचा भरवसा नाही. रोज येऊन तोंड दाखवायचं आणि माझं बघून जायचं. कबूल असेल तरच फरशी बुजव.

येतो. फार बोलत नाही, आणि मी बोलते ते त्याला निम्मं ऐकू येत नाही. पण तासभर बसतो. तुझी वहिनी येते तेव्हा मात्र घर भरतं. घरात ऊब आहे, मी ओव्हरकोट खुंटीला टांगला.

सुट्टीत आलीस की आधी माझ्याकडे ये. पुढच्या दाराने ये, सगळ्या गल्लीला दिसू दे.

तुझी,
पलीकडची काकू